आरसा आणि पुरुषार्थ

कित्येक वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. मी तेव्हां दुसऱ्या एका गांवच्या शाळेंत नुकताच शिक्षक म्हणून लागलों होतों. नववीच्या वर्गांत एक मुलगा असे. अभ्यासांत मध्यम, स्वभावानें अबोल. त्याचे केंस नेहमीं नीट विंचरलेले, भांग सरळ, आणि तोंडावर पावडरीचा हात जरा अधिकच फिरलेला. बाकावरून उठून तो फळ्याकडे येऊं लागला कीं पावडरीचा मंद वास त्याच्याबरोबर येई. एके दिवशीं गृहपाठ केला नाहीं म्हणून मीं त्याला उभें केलें, आणि आपण मोठा विनोद करीत आहोंत अशा समजुतीनें म्हणालों, "आरशापुढून उठायला सवड मिळाली असती, तर गृहपाठहि झाला असता. काय रे, आज नाटकांत कोणाचा पार्ट आहे तुझा? द्रौपदीचा?" सारा वर्ग खो खो हंसला. मीहि हंसलों. त्या दिवसापासून वर्गांत त्याचें नांव 'द्रौपदी' पडलें.

पुढें पंधरा-वीस दिवसांनीं त्याचे वडील शाळेंत आले. सुतारकाम करणारे गृहस्थ. एक दिवसाची मजुरी बुडवून आले होते. त्यांनीं रागाचा एक शब्दहि उच्चारला नाहीं. व्हरांड्यांत मला बाजूस घेऊन ते इतकेंच म्हणाले, "गुरुजी, पोरगा नटायला पावडर लावीत नाहीं हो. ओठाशीं आणि डोळ्याखालीं कोड उठलें आहे, तें झांकायला लावतो." मग खिशांतून त्यांनीं मलमाची एक नळी काढून माझ्या हातीं दिली. तीन महिन्यांत डाग समूळ जातात, असें तिच्यावर छापलें होतें. अशा चार नळ्या त्यांनीं आतांपर्यंत आणल्या होत्या, आणि एकेका नळीला त्यांची दोन-दोन दिवसांची कमाई पडली होती. "हिचा गुण येईल का हो?" असें त्यांनीं मला विचारलें. मला उत्तर देतां आलें नाहीं. वार्षिक परीक्षा झाल्यावर त्या मुलानें शाळा सोडली.

त्या एका कोंवळ्या चेहऱ्यावर दोन हात पडले होते. एक हात म्हणत होता, "पुरुषासारखा पुरुष तूं, आणि नटतोस काय?" तो हात माझा होता. दुसरा म्हणत होता, "असलें तोंड घेऊन चारचौघांत कसा जाशील? हें घे." तो हात बाजाराचा होता. हे दोन हात एकमेकांचे वैरी आहेत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वडील मंडळी नटव्या मुलांवर टीका करतात, आणि बाजार त्यांना नटवितो, असें आपण म्हणतों. मला आतां असें वाटूं लागलें आहे कीं, हे दोन्ही हात एकाच धडाचे आहेत. दोघांचेंहि काम मुलाच्या मनांत लाज उत्पन्न केल्यावांचून चालत नाहीं. आम्ही लाज पेरतों, आणि बाजार तिचें पीक कापून नेतो. याच विषयावर आमच्या विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलावेत, असा माझा हेतु आहे.

पुरुषानें कसें दिसावें याविषयींच्या कल्पना पूर्वीं अढळ होत्या, आणि त्या अलीकडेच बिघडूं लागल्या, असा एक समज आपल्यांत दृढ आहे. इतिहासाचा त्याला मुळींच दुजोरा नाहीं. जेम्स वेल्स नांवाच्या स्कॉटिश चित्रकारानें अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यास राहून सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस, महादजी शिंदे अशा थोर पुरुषांचीं चित्रें काढलीं. त्यांतील तरुण पेशव्याचें चित्र पाहावें. गळ्यांत मोत्यांचे सर आहेत, पगडीवर रत्नें आहेत. भिकबाळी हा तर त्या काळच्या मानकरी पुरुषाच्या कानांतला अलंकार होता. आज नातवाच्या कानांत बारीकशी बाळी दिसतांच जे आजोबा नाक मुरडतात, त्यांच्याच पूर्वजांचे कान टोंचलेले असत, आणि त्यांच्या मर्दपणाविषयीं कोणी शंका घेतल्याचें ऐकिवांत नाहीं. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचें १७०१ सालीं काढलेलें प्रसिद्ध चित्र आहे. खांद्याखालीं रुळणारा कुरळ्या केंसांचा टोप, रेशमी मोजे आणि लाल टांचांचे उंच जोडे, असा त्याचा थाट आहे. आणि हा राजा तर युरोपांतील सर्वांत बलाढ्य पुरुष म्हणून गणला जाई.

दाढी-मिशांचा इतिहासहि असाच मौजेचा आहे. रशियाचा झार पीटर हा १६९८ सालीं पश्चिम युरोपचा प्रवास करून परतला, तेव्हां त्यानें आपल्या सरदारांच्या दाढ्या स्वहस्तें कापल्या, आणि पुढें ज्यांना दाढी ठेवावयाची असेल त्यांच्यावर कर बसविला. कर भरणाराला एक बिल्ला मिळे, आणि तो त्याला जवळ बाळगावा लागे. आपल्या अगदीं घराजवळची गोष्ट घ्या. हिंदुस्थानांत मिशी हें मर्दपणाचें चिन्ह मानीत. सफाचट ओठांच्या गोऱ्या शिपायांकडे पाहून आपले लोक हंसत. अखेर १८५४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करांतील गोऱ्या शिपायांस मिशा राखणें सक्तीचें करण्यांत आलें. पुढें साऱ्या ब्रिटिश सैन्यांत वरच्या ओठास वस्तरा लावावयाचा नाहीं, असा नियमच होता. तो नियम १९१६ च्या ऑक्टोबरांत, महायुद्ध ऐन भरांत असतांना, रद्द झाला, आणि ज्या सेनाधिकाऱ्याच्या सहीनें तो रद्द झाला त्या मॅक्रेडी साहेबाला स्वतःची मिशी मुळींच आवडत नसे! आपल्या घरांतूनहि शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं शेंडी व घेरा टाकून साहेबी पद्धतीचे केंस राखले एवढ्यावरून बापलेकांत कलह होत. आज त्याच साहेबी केंसांना आपण 'सभ्य मुलासारखे केंस' म्हणतों, आणि शेंडी ठेवणाऱ्या मुलाला वर्गांत हंसतों.

तात्पर्य हें कीं, जें फर्मानानें उगवतें व फर्मानानेंच कापलें जातें, तें पुरुषत्व नव्हे. ती केवळ त्या त्या काळची रीति होय. रीति पाळण्यांत दोष नाहीं. दोष तिला धर्म समजून दुसऱ्याचा उपहास करण्यांत आहे.

पूर्वीं हें फर्मान राजा काढी, सेनापति काढी, किंवा जात काढी. गेल्या सव्वाशें वर्षांत तें काढण्याचा अधिकार हळूहळू व्यापाऱ्याकडे आला. या स्थित्यंतराचा नमुना म्हणून सेफ्टी रेझरचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. त्यापूर्वीं दाढी म्हणजे न्हाव्याचें काम. आपल्या खेड्यांतून तो बलुतेदार असे, आणि वर्षाच्या शेवटीं त्याला धान्य मिळे. अमेरिकेंतील किंग कँप जिलेट या गृहस्थानें असा वस्तरा काढला कीं त्याचें पातळ पातें बोथट झालें म्हणजे टाकून द्यावयाचें व नवें घ्यावयाचें. १९०३ सालीं, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षीं, त्याचे अवघे ५१ वस्तरे व १६८ पातीं खपलीं. दुसऱ्याच वर्षीं वस्तऱ्यांचा खप ९० हजारांवर गेला. १९१८ सालीं अमेरिकन सरकारनें आपल्या सैनिकांसाठीं सुमारें ३५ लाख वस्तरे घेतले. सैनिक घरीं परतले, ते रोज दाढी करण्याची संवय घेऊनच. वस्तरा एकदां विकला जातो, पातें जन्मभर विकलें जातें. ही या धंद्यांतील खरी मेख होय.

यांतली गंमत अशी कीं, पात्यांच्या पुडक्यांवर जिलेट साहेबाची जी तसबीर छापीत, तींत त्याच्या ओठांवर भरघोस मिशी होती. १९१५ सालीं त्याच कंपनीनें बायकांसाठीं निराळा वस्तरा काढला, आणि ज्या गोष्टीची तोंवर कोणा स्त्रीला खंत नव्हती तिची खंत निर्माण केली. पुढें काळ फिरला. तरुण पुरुष पुनः दाढ्या राखूं लागले. तेव्हां २०२० सालीं त्याच कंपनीनें, संस्थापकाचेंच पूर्ण नांव देऊन, दाढीला लावण्याचें तेल व दाढीच्या निगेची इतर सामुग्री बाजारांत आणली. दाढी काढा, आमच्याकडे या. दाढी ठेवा, तरी आमच्याकडेच या! येथें मी त्या कंपनीला दूषण देत नाहीं. वस्तरा चांगला आहे, मीहि रोज वापरतों. परंतु यावरून एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं पक्की ध्यानांत ठेवावी. पुरुष कसा असावा याविषयीं व्यापाऱ्याचें स्वतःचें असें कांहींच मत नसतें. तुमचें मत जिकडे वळेल तिकडे तो डबी घेऊन उभा असतो; आणि तें पुरेसें वळत नसेल, तर थोडें वळवूनहि घेतो.

वळविण्याची युक्ति फार जुनी व फार सोपी आहे. आधीं उणीव दाखवावयाची, मग औषध दाखवावयाचें. आपल्या देशांत या युक्तीचें सर्वांत दुःखदायक उदाहरण म्हणजे गोरेपणाचीं मलमें. मुलींसाठीं असें मलम १९७५ सालीं बाजारांत आलें, आणि तीस वर्षें काळ्यासांवळ्या मुलींच्या मनांत न्यूनगंड पोसत राहिलें. मग व्यापाऱ्यांच्या लक्षांत आलें कीं, कित्येक मुलगे बहिणीची नळी चोरून वापरतात. तेव्हां २००५ सालीं खास पुरुषांसाठीं म्हणून निराळें मलम निघालें. त्याच्या जाहिरातींतला मुख्य भाग असा होता कीं, एक नामांकित नट एका तरुणाला, तूं पुरुष असून मुलींचें मलम लावतोस काय, असें म्हणून खजील करी, आणि मग पुरुषांचें मलम त्याच्या हातीं देई.

वाचकहो, हें वाचून तुम्हांला कोणाची आठवण झाली? मला माझी झाली. त्या नटाच्या तोंडीं जें वाक्य घातलें होतें, तेंच मीं वर्गांत फुकट उच्चारलें होतें. जाहिरात लिहिणाऱ्यांना तें कोठून सुचलें असेल, याचा शोध करावयास लांब जावयास नको. तें आपल्या घरांत, गल्लींत, वर्गांत पिढ्यान् पिढ्या चाललें आहे. आपणच मुलाला आधीं 'काळ्या' म्हणतों, आणि तोंडाला कांहीं लावलें म्हणजे 'बायकी' म्हणतों. या दोन शब्दांच्या अडकित्त्यांत सांपडलेल्या मुलाला जो कोणी "हें पुरुषांचें आहे, हें लावून तूं गोराहि होशील आणि मर्दहि राहशील" असें सांगेल, तो त्याला देवदूत वाटला तर नवल काय?

आतां या मलमांच्या गुणाविषयीं. आपल्या कातडीचा रंग मेलॅनिन नांवाच्या द्रव्यावर अवलंबून असतो. तें तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या व काळ्या माणसांत जवळजवळ सारख्याच असतात. त्या किती द्रव्य बनवितात एवढाच भेद. हें द्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांपासून शरीराचें रक्षण करतें. म्हणजे ज्याला आपण उणीव म्हणतों, ती आपल्या उन्हाळी देशांत निसर्गानें दिलेली छत्री आहे. ती मोडण्यासाठीं पैसे देणें यापरतें वेडेपण कोणतें? बरें, तें केवळ वेडेपणहि नाहीं. डॉक्टरी सल्ल्यावांचून विकल्या जाणाऱ्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असतें. त्यानें कातडी पातळ होते, लाल पडते, आणि मलम सोडतांच रोग उसळतो, असा इशारा आपल्या देशांतील त्वचारोगतज्ज्ञ पुनः पुनः देत आले आहेत. केरळांत २०२१ ते २०२३ या अवधींत मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट रोगाचे जे रुग्ण डॉक्टरांना आढळले, त्यांपैकीं बरेच जण गोरेपणाचीं मलमें लावणारे निघाले, आणि त्या मलमांत पारा सांपडला. पारा कातडींतून अंगांत मुरतो, आणि तो चेहऱ्यावर थांबत नाहीं.

लोकमतहि स्वस्थ बसलें नाहीं, ही समाधानाची गोष्ट. २०१४ सालीं जाहिरातदारांच्याच नियामक मंडळानें असा नियम केला कीं, काळा रंग म्हणजे दुःखी, अपयशी किंवा हलका माणूस, असें जाहिरातींत दाखवूं नये. २०२० सालीं प्रमुख मलमाच्या नांवांतून 'गोरें' या अर्थाचा शब्द गाळण्यांत आला. डिसेंबर २०२४ मध्यें दिल्लींतील एका जिल्हा ग्राहक मंचानें पुरुषांचें मलम विकणाऱ्या कंपनीला, जाहिरात दिशाभूल करणारी आहे असें ठरवून, साडेचौदा लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. तक्रार करणाऱ्या गृहस्थानें ती नळी २०१३ सालीं ७९ रुपयांना घेतली होती, आणि सांगितल्याप्रमाणें लावूनहि गोरेपणा आला नाहीं, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. ७९ रुपयांसाठीं अकरा वर्षें झगडणाऱ्या त्या माणसाची चिकाटी मला कोणत्याहि पीळदार मिशीपेक्षां अधिक मर्दानी वाटते.

परंतु नांव बदललें म्हणून धंदा बदलतोच असें नाहीं. गोरेपणाची जागा आतां 'तेज' या शब्दानें घेतली आहे. चेहऱ्यावरून नजर अंगाकडे वळली आहे. पूर्वीं तालमींत जाणारा मुलगा वस्तादाच्या पायां पडून मातींत उतरे. तेथें आरसा नसे, जोडीदार असे. आपल्या अंगांत बळ किती हें त्याला त्या जोडीदाराच्या पकडीवरून कळे. आतां व्यायामशाळेच्या चारी भिंतींना आरसे असतात, आणि आपलें अंग किती फुगलें हें मोबाइलवर आलेल्या फोटोवरून ठरतें. तो फोटोहि यंत्रानें गुळगुळीत केलेला. व्यायाम हा उत्तमच. पण भुकटीच्या डब्यासाठीं आईच्या मागें लागणारा, आणि त्याहून वाईट म्हणजे कोणा अर्धवट माणसाच्या सांगण्यावरून सुई टोंचून घेणारा मुलगा मी पाहिला आहे. त्याला बळ हवें नव्हतें. बळकट दिसणें हवें होतें. या दोहोंतील अंतर ओळखणें हेंच शिक्षण.

येथें कोणी विचारील, मग मुलांनीं नीटनेटकें राहूंच नये कीं काय? असें मी म्हणत नाहीं; माझें म्हणणें अगदीं उलट आहे. स्वच्छ अंग, धुतलेले कपडे, कापलेलीं नखें, विंचरलेले केंस, घामाचा वास येऊं नये म्हणून घेतलेली काळजी, या गोष्टी दुसऱ्याविषयींच्या आदराच्या आहेत. शेजारीं बसणाऱ्या माणसाला आपला त्रास होऊं नये, ही सभ्यता. मुरुमांनीं हैराण झालेल्या मुलानें डॉक्टराकडे जावें, त्यांत कमीपणा नाहीं. कोणाला अत्तर आवडतें, कोणाला केंस वाढवावेसे वाटतात; तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. आणि नटणाऱ्या मुलाला आपण 'बायकी' म्हणून हिणवितों तेव्हां एका दगडानें दोघांना मारतों. मुलगा दुखावतो तो दुखावतोच. शिवाय बाई असणें म्हणजेच कांहींतरी हलकें असणें, असा धडा साऱ्या वर्गाला मिळतो. त्या वर्गांत मुलीहि बसलेल्या असतात, आणि मुलांच्या आयांनीं, बहिणींनींच त्यांना लहानाचें मोठें केलेलें असतें.

या विषयांत मला सर्वांत बोधप्रद वाटते ती महात्मा गांधींची हकीगत. त्यांनीं ती आपल्या आत्मचरित्रांत कांहीं न लपवितां सांगितली आहे. १८८८ सालीं विलायतेस गेल्यावर या एकोणीस वर्षांच्या तरुणाला इंग्रजी 'जंटलमन' होण्याचा ध्यास लागला. १९ शिलिंगांची उंच टोपी घेतली. बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून संध्याकाळचा पोषाख शिवविला. भावाकडून सोन्याची दुपेडी सांखळी मागवून घेतली. नाच शिकण्याचे तीन पौंड, फिडल शिकण्याचे निराळे. रोज दहा-दहा मिनिटें भल्या मोठ्या आरशापुढें उभें राहून गळपट्टी बांधावयाची आणि भांग पाडावयाचा. आणि केंस राठ असल्यामुळें रोज ब्रशाशीं झटापट! सुमारें तीन महिन्यांनीं त्यांचे डोळे उघडले. आपण येथें विद्यार्थी म्हणून आलों आहोंत, हें त्यांना आठवलें. नाच सुटला, फिडल विकलें गेलें. नीटनेटका पोषाख मात्र पुढें कित्येक वर्षें राहिला. जो आरशापुढें कधींच उभा राहिला नाहीं, त्याच्यापेक्षां उभा राहून बाजूला झालेल्या माणसाचा शब्द मला अधिक भरंवशाचा वाटतो.

परंतु खरी गोष्ट पुढेंच आहे. दक्षिण आफ्रिकेंत प्रिटोरिया येथें ते एका गोऱ्या न्हाव्याकडे केंस कापावयास गेले असतां त्यानें तिरस्कारानें नाहीं म्हटलें. त्यांनीं केंस कापण्याचें यंत्र विकत घेतलें आणि आरशापुढें उभें राहून स्वतःच केंस कापले. पुढचे कसेबसे कापले गेले. मागचे पार बिघडले. कोर्टांत मित्र हंसले, उंदरांनीं केंस कुरतडले काय, असें विचारूं लागले. तेव्हां त्यांनीं शांतपणें घडलेलें सांगितलें. लंडनांत दहा मिनिटें भांग पाडणारा तोच माणूस आज विद्रूप केंसांनीं कोर्टांत उभा होता, आणि त्याला लाज वाटत नव्हती. आणखी एक गोष्ट. त्यांना त्या न्हाव्याचा रागहि आला नाहीं. काळ्या माणसाचे केंस कापले तर त्याचीं गोरीं गिऱ्हाइकें तुटलीं असतीं. आणि आपण तरी आपल्या न्हाव्यांना आपल्याच अस्पृश्य बंधूंची हजामत करूं देतों काय, असा प्रश्न त्यांनीं स्वतःला विचारला. अपमान झाला असतां दुसऱ्याच्या दोषाऐवजीं स्वतःच्या समाजाचा दोष पाहणें, याला फार मोठी छाती लागते.

वस्तऱ्याचीच आणखी एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रांत घडली आहे. एके काळीं उच्च म्हणविणाऱ्या जातींत नवरा मेल्यावर बाईचें डोकें भादरीत. तें काम न्हाव्याकडे येई, आणि त्याचे त्याला पैसे मिळत. १८९० सालीं महात्मा फुल्यांचे अनुयायी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या न्हाव्यांनीं सभा भरविली, आणि विधवांच्या केंसांना यापुढें आम्ही वस्तरा लावणार नाहीं, असा निश्चय केला. हीं माणसें धनवान् नव्हतीं, विद्वान् म्हणून गाजलेलीं नव्हतीं. समाजानें त्यांना कधीं बरोबरीनें बसविलें नव्हतें. ज्या घरांतून पैसे येत त्याच घरांना त्यांनीं नाहीं म्हटलें. त्यांच्या मिशा कशा होत्या, अंगाचा रंग कोणता होता, हें कोणीहि लिहून ठेवलेलें नाहीं. तें कोणाला लिहावेंसें वाटलेंहि नाहीं. त्यांनीं आपला वस्तरा कोठें थांबविला, एवढेंच लक्षांत राहिलें.

आमच्या भाषेंत 'पुरुषार्थ' हा शब्द आहे. त्यांत पुरुष आहे, पण दाढी नाहीं, मिशी नाहीं, रुंद छाती नाहीं. आयुष्यांत मिळविण्यासारखें जें, तें असा त्याचा अर्थ. आणि तें स्त्रीनेंहि मिळवावयाचें असतें. तो आरशांत दिसत नाहीं. दुर्बळाशीं आपण कसें वागतों यांत तो दिसतो; दुसऱ्याच्या शरीराची, त्याच्या लाजेची, त्याच्या दुःखाची आपण किती राखण करतों यांत दिसतो.

विद्यार्थ्यांनो, म्हणून कोणतीहि डबी, नळी वा बाटली घेण्यापूर्वीं स्वतःला तीन प्रश्न विचारीत जा. ही उणीव मला आधीं माहीत होती, कीं हिची जाहिरात पाहिल्यावर कळली? हिची किंमत घरांतील कोणाच्या किती श्रमांची आहे? आणि ही मी आवडीनें घेत आहें, कीं कोणाच्या हंसण्याच्या भीतीनें? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें तुमचीं तुम्हांलाच देतां येतील. तिसऱ्याचें उत्तर 'भीतीनें' असें आलें, तर ती वस्तु दुकानांत राहूं द्या, आणि ज्या मोठ्या माणसावर तुमचा विश्वास आहे त्याच्याजवळ जाऊन बोला. तसेंच, वर्गांत एखाद्याला हंसण्याची लाट उठेल तेव्हां एक जण तरी न हंसतां बसूं द्या. त्या दिवशीं माझ्या वर्गांत तसा एकहि नव्हता. कारण आधीं गुरुजीच हंसले होते.

पालकांस माझी हात जोडून विनंति आहे. काळू, ढब्बू, बुटक्या, काडी, हीं लाडाचीं नांवें आपण घरांत सहज घेतों. मूल हंसतें, म्हणून त्याला लागत नाहीं असें आपणांस वाटतें. दोन भावांत उजळ कोण आणि सांवळा कोण, ही चर्चा पाहुण्यांसमोर करूं नका. लग्न ठरवितांना रंगाला जो भाव तुम्ही द्याल, तोच भाव तुमचीं मुलें स्वतःला देतील. मुलगा आरशापुढें फार वेळ राहूं लागला, तर ओरडण्याआधीं त्याला तेथें काय दिसतें हें विचारा. कदाचित् कांहीं नसेल. वयाची हौस असेल, ती चार दिवसांत ओसरेल. कदाचित् असेल, आणि तें सांगावयास तो पुष्कळ दिवस कोणाची तरी वाट पाहत असेल.

त्या सुताराच्या मुलाची क्षमा मागण्याची संधि मला मिळाली नाहीं. तो आतां चांगला मोठा, बहुधा मुलाबाळांचा धनी झाला असेल. कोड हा स्पर्शानें होणारा रोग नाहीं, त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं, आणि नळीवर छापलेलें वचन खोटें होतें, ही तीन वाक्यें मीं त्याच्या वडिलांना व्हरांड्यांत सांगावयास हवीं होतीं. तीं मला तेव्हां माहीत नव्हतीं. माहीत करून घेणें हें माझें काम होतें. त्यांच्या प्रश्नाला जें उत्तर तेव्हां देतां आलें नाहीं, तें इतक्या वर्षांनीं या पानांवर लिहून ठेवीत आहें. आमच्या शाळेंतील कोणा मुलाच्या चेहऱ्यावर असा हात पुनः पडूं नये, आणि तो हात आम्हां शिक्षकांपैकीं कोणाचा तर खचितच असूं नये, एवढीच इच्छा आहे.